कलम, कपाटं आणि पोलिसांच्या याद्या : बर्लिन, १९३३

६ मे १९३३ला सकाळी बर्लिनच्या टियरगार्टन भागातल्या एका संस्थेवर शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे विद्यार्थी चाल करून आले. सोबत बँड होता. चार दिवसांनी संस्थेतली पुस्तकं ऑपर्नप्लाट्झच्या चौकात जाळली गेली. नाझींनी केलेल्या पुस्तकांच्या होळीची छायाचित्रं आपण शाळेपासून पाहत आलोय. त्या ढिगाऱ्यातला मोठा वाटा समलिंगी आणि ट्रान्स माणसांवरच्या जगातल्या पहिल्या संशोधन संस्थेचा होता, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही.

इथे रस आहे तो निर्णयांत. कोणासमोर कोणते रस्ते होते, कोणता धरला, आणि कोणता कुणाच्या लक्षातही आला नाही? संस्थापक इतिहासात नोंदलेला माणूस आहे, त्यामुळे त्याचं नाव घेतो. बाकी बहुतेकांना त्यांच्या कामावरून ओळखू.

पार्श्वभूमी

१८७१च्या जर्मन दंडसंहितेत कलम १७५ होतं. पुरुषापुरुषांतल्या ‘अनैसर्गिक’ संबंधांना त्यात तुरुंगवास होता. स्त्रियांना ते लागू नव्हतं. शिक्षा होणारे त्या मानाने थोडे, पण कलमाच्या धाकावर पैसे उकळणारे पुष्कळ. नोकरीतला, घरंदाज, बायकामुलांचा माणूस एकदा अशा खंडणीखोराच्या हाती लागला की वर्षानुवर्षं पैसे भरत राही, नाहीतर जीव देई.

डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड हे पाहत होता. तो ज्यू होता आणि स्वतः समलिंगी. १८९७मध्ये त्याने बर्लिनमध्ये वैज्ञानिक-मानवतावादी समिती काढली आणि कलम रद्द करावं म्हणून संसदेकडे अर्ज केला. पुढे त्या अर्जावर आइन्स्टाइन आणि टोमास मान यांच्याही सह्या आल्या. जुलै १९१९मध्ये लैंगिक विज्ञान संस्था सुरू झाली. दवाखाना, ग्रंथालय, संग्रहालय, व्याख्यानाची खोली आणि राहण्याची सोय, सगळं एकाच आवारात. दुसरीकडे कुणी कामावर ठेवत नसे अशा ट्रान्स स्त्रियांना इथे घरकामाची नोकरी मिळे. संध्याकाळच्या सभांना एक पेटी ठेवलेली असे. लोक नाव न घालता तिच्यात प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकत आणि डॉक्टर सगळ्यांसमोर उत्तरं देत.

(त्याच काळात आपल्याकडे र. धों. कर्वे मासिकातून वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं देत होते. १९३४मध्ये त्यावरून मुंबईत खटला झाला. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र चालू राहिलं. बर्लिनमध्ये दंड भरून सुटण्याची सोय उरली नव्हती.)

या प्रकरणात दोन दफ्तरं महत्त्वाची आहेत. पहिलं संस्थेचं. येणाऱ्याला शंभराहून अधिक प्रश्नांची प्रश्नावली भरायला देत: बालपण, आईवडील, आवडीनिवडी, पहिला संबंध, लाज, आजारपण. हजारो माणसांनी ती भरली, कारण असं कुणी आपुलकीने विचारेल हेच त्यांना नवं होतं.

दुसरं दफ्तर पोलिसांचं. बर्लिन पोलिसांत १८८५पासून समलिंगींसाठी वेगळा विभाग होता. त्याचा पहिला प्रमुख त्या काळाच्या मानाने सहृदय निघाला. उगाच धरपकड करण्यापेक्षा खंडणीखोरांना पकडण्यावर त्याचा भर होता आणि हिर्शफेल्डशी त्याचे संबंध चांगले होते. पुढेही ही देवघेव चालू राहिली. पुरुष म्हणून नोंदलेली व्यक्ती स्त्रीवेषात वावरत असेल तर संस्थेचे डॉक्टर शिफारस लिहून देत आणि त्यावर पोलीस एक दाखला देत. रस्त्यात हवालदाराने अडवलं की तो दाखवायचा. पण सहृदय असो वा नसो, विभाग नोंदी ठेवत होता. कोण कुठे जातो, कुणाबरोबर दिसतो, याची कार्डं साठत होती आणि ती कधी फाडली जात नव्हती.

पेच

१६ ऑक्टोबर १९२९ला संसदेच्या समितीने कलम १७५ गाळण्याच्या बाजूने मतदान केलं, १५ विरुद्ध १३. तीस वर्षांच्या खटपटीचं चीज झाल्यासारखं वाटलं, तरी निखळ विजय तो नव्हता. सोबत काही नव्या तरतुदी पुढे आल्या होत्या, त्यावरून चळवळीतच तंटे पेटले आणि हिर्शफेल्डला आपल्या वैज्ञानिक-मानवतावादी समितीचं नेतृत्व सोडावं लागलं. ठराव सभागृहापर्यंत पोहोचलाच नाही. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत नाझी पक्षाने १०७ जागा मिळवल्या.

त्या पक्षाचं मत लपलेलं नव्हतं. १९२८मध्ये चळवळीतल्या एकाने सगळ्या पक्षांना कलम १७५बद्दल विचारलं, तेव्हा नाझी पक्षाने लेखी कळवलं होतं की पुरुषापुरुषांतल्या किंवा स्त्रियास्त्रियांतल्या प्रेमाचा नुसता विचार करणाराही आमचा शत्रू आहे. हिर्शफेल्डला याची चव आधीच मिळाली होती. १९२०मध्ये म्युनिकला व्याख्यानानंतर त्याला इतकं मारलं होतं की वर्तमानपत्रांनी त्याच्या निधनाची बातमी छापली. स्वतःचे मृत्युलेख त्याने अंथरुणात पडून वाचले.

नोव्हेंबर १९३०मध्ये तो व्याख्यानांसाठी अमेरिकेला गेला. दौरा लांबत लांबत जगप्रवास झाला: जपान, चीन, १९३१मध्ये हिंदुस्थान, मग इजिप्त आणि पॅलेस्टाईन. १९३२च्या वसंतात तो युरोपात परतला, पण मित्रांनी कळवलं की जर्मनीत पाऊल टाकू नकोस. तो आधी ऑस्ट्रियात आणि मग स्वित्झर्लंडमध्ये थांबला. बर्लिनची संस्था सहकाऱ्यांवर सोपवलेली होती. त्यांत मुख्य होता संग्रहपाल, हिर्शफेल्डचा बर्लिनमधला जोडीदार.

३० जानेवारी १९३३ला हिटलर चान्सलर झाला. फेब्रुवारी संपता संपता समलिंगींच्या बारना टाळं ठोकण्याचे आदेश निघाले. मार्चमध्ये समितीच्या एका आघाडीच्या नेत्याला अटक झाली आणि पुढे त्याची रवानगी छळछावणीत झाली. संस्थेचा दरवाजा उघडा, प्रमुख परदेशात, आणि हजारो माणसांच्या आयुष्याच्या गोष्टी कपाटांत. पेच हा असा होता.

समोरचे पर्याय

हे पर्याय कुणी एका बैठकीत ओळीने मांडले नव्हते. नंतर काय झालं, काय राहिलं, त्यावरून ही मांडणी मी करतोय.

पहिला पर्याय, संग्रह बाहेर हलवणं. त्यासाठी पैसा हवा, मालवाहतूक हवी, सीमेपलीकडे जागा हवी आणि सही करणारा माणूस जागेवर हवा. हिर्शफेल्डकडे तेव्हा पैशाची चणचण होती आणि पत्रांतून एवढा पसारा हलवणं अवघडच. त्यातून असा ट्रक दारात उभा राहणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण.

दुसरा, प्रश्नावल्या स्वतःच जाळून टाकणं. हे ऐकायला सोपं आहे. पण ज्याने तीस-पस्तीस वर्षं घालून हे जमवलं, त्याचा सगळा युक्तिवादच या कागदांवर उभा होता. समलिंगी असणं निसर्गातच आहे, म्हणून कायद्याने त्यात पडू नये, आणि हे आम्ही माणसं मोजून दाखवतो. पुरावा नष्ट करायचा तर चळवळीकडे उरतं काय?

तिसरा, कायदेशीर दर्जावर विसंबणं. संस्था नोंदणीकृत न्यासाची होती. बर्लिनच्या डॉक्टरी जगात तिचं नाव होतं, परदेशी पाहुणे येत. अशा जागेवर कुणी भरदिवसा हात टाकेल का? १९३३च्या वसंतात अनेक शहाण्यासुरत्या जर्मनांनी असाच हिशेब केला होता. तो आपण आज भाबडा ठरवतो. त्या आठवड्यांत तो तितकासा भाबडा दिसत नसावा.

चौथा, जुळवून घेणं. हा पर्याय संस्थेने नाही, दुसऱ्या एका मोठ्या संघटनेच्या प्रमुखाने आधीच वापरून पाहिला होता. त्याने हिटलरला जाहीर पत्र लिहून कलमाविरुद्ध उभं राहण्याची विनंती केली होती. तेव्हा नाझींच्या तपकिरी फौजेचा प्रमुख एर्न्स्ट र्‍योम स्वतः समलिंगी होता आणि हिटलरला ते माहीत होतं. त्यामुळे ‘हे वरवर बोलतात, करणार काही नाहीत’ अशी आशा काहींना वाटत होती.

या र्‍योमच्या बाबतीत विरोधकांनी काय केलं, हा माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात वाईट निर्णय. १९३१-३२मध्ये समाजवादी वर्तमानपत्रांनी आणि पत्रकांनी त्याची खासगी पत्रं छापून नाझींना ‘विकृतांची टोळी’ म्हणून झोडपलं. कलम १७५ रद्द करायला मत देणाऱ्या पक्षाच्याच लोकांनी हे केलं. नाझींचं त्यातून काही बिघडलं नाही. ३० जून १९३४नंतर र्‍योमला मारताना हिटलरने तीच भाषा उचलली, आणि ती ऐकून घ्यायला जनता आधीच तयार झालेली होती.

प्रत्यक्षात काय केलं

संस्था चालू राहिली. काही कागद हिर्शफेल्डकडे पोहोचले असावेत, पण ग्रंथालय आणि दफ्तर जागेवरच होतं.

त्याच वर्षी परदेशात छापलेल्या एका प्रत्यक्षदर्शी वृत्तांतात ६ मेचा दिवस बारकाईने आला आहे. विद्यार्थी सकाळी साडेनऊच्या सुमारास ट्रकमधून उतरले. बंद दारं फोडली, दौती गालिच्यांवर उपड्या केल्या, चौकटीतली चित्रं भिरकावली. जिन्यावरचा मनोविश्लेषक फ्रॉइडचा फोटो त्यांनी ओळखून शिव्या देत काढला, म्हणजे ते अगदीच अडाणी नव्हते. दुपारी त्यांच्या म्होरक्याने भाषण ठोकलं, गाणी झाली, जमाव निघून गेला. संस्थेतल्यांना वाटलं, सुटलो. तीन वाजता तपकिरी गणवेशातले आले. सकाळच्यांना नीट काम जमलं नाही म्हणाले, आणि खोलीगणिक झडती घेत टोपल्या भरभरून पुस्तकं-हस्तलिखितं दोन ट्रकांत घातली. हिर्शफेल्ड कधी येणार, असं ते परत परत विचारत होते. तो परदेशात मलेरियाने आजारी आहे असं कळल्यावर उत्तर मिळालं की मग तो आपला आपणच मरो, म्हणजे आम्हाला त्याला फासावर द्यायला किंवा ठेचून मारायला नको.

त्याच वृत्तांतात एक छोटी घटना आहे, आणि सबंध प्रकरणात मला ती सगळ्यात मोलाची वाटते. त्यांना प्रश्नावल्याही न्यायच्या होत्या. कर्मचाऱ्याने सांगितलं की हे नुसते रुग्णांचे इतिहास आहेत. त्यांनी ते ठेवून दिले. कोणतीही योजना नाही, कुलूप नाही. समोरच्याला कंटाळवाणं वाटेल असं एक वाक्य, तेवढंच.

१० मेच्या मशालींच्या मिरवणुकीत हिर्शफेल्डचा अर्धपुतळा काठीवर खोचून नेला. हिर्शफेल्डने ही होळी पॅरिसमध्ये सिनेमागृहात बातम्यांच्या रिळात पाहिली. त्याच वर्षी जप्त मालातलं काही त्याला मध्यस्थामार्फत पैसे मोजून परत घ्यावं लागलं, स्वतःचीच पुस्तकं.

परिणाम

संस्था बंद झाली. समितीने जूनमध्ये स्वतःच विसर्जन केलं. पॅरिसमध्ये नवी संस्था उभारण्याचा प्रयत्न फसला आणि १४ मे १९३५ला, सदुसष्टाव्या वाढदिवशीच, हिर्शफेल्ड नीसमध्ये वारला. संग्रहपाल चेकोस्लोव्हाकियात ब्रनोला होता. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर मार्च १९३८मध्ये त्याने आत्महत्या केली. संस्थेत घरकाम करणारी एक ट्रान्स स्त्री हल्ल्याच्या आसपास मारली गेली असं कित्येक दशकं छापलं जात होतं. अलीकडे कागद सापडले. ती बोहेमियात पोहोचली होती, तिथे तिने कायदेशीररीत्या स्त्रीचं नाव मिळवलं आणि १९६६पर्यंत जगली.

हल्ला का झाला, याची एक चटकदार कारणमीमांसा संस्थेतल्याच एका डॉक्टरने पुढे लिहिली: बडे नाझी आमचे रुग्ण होते, आम्हाला फार माहीत होतं, म्हणून आम्ही जळालो. असेलही थोडंफार. पण ज्यू संस्थापक, समलिंगी, कुटुंबनियोजन आणि फ्रॉइड एकाच छताखाली मिळत असताना नाझी विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणाची गरज नव्हती. संस्थेतून मिळालेल्या नावांवरून अटका झाल्या अशीही एक कथा फिरते. त्याची गरज तर आणखीनच कमी होती.

कारण दुसरं दफ्तर जागेवर होतं. ऑक्टोबर १९३४मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ठिकठिकाणच्या पोलिसांकडून समलिंगी पुरुषांच्या याद्या मागवल्या. याद्या तयारच होत्या, हिटलरआधीच्या प्रजासत्ताकाच्या बऱ्या दिवसांत बऱ्या पोलिसांनी केलेल्या. जून १९३५मध्ये कलम १७५ कडक केलं: आता प्रत्यक्ष संबंध सिद्ध करण्याची गरज उरली नाही, ‘हेतू’ पुरेसा, स्पर्शही लागत नव्हता. १९३६मध्ये समलिंगी संबंध आणि गर्भपात यांच्याविरुद्ध पोलीसप्रमुख हिमलरच्या हाताखाली केंद्रीय कार्यालय उघडलं. मग साखळी सुरू झाली. एकाला उचलायचं, त्याची पत्त्यांची वही घ्यायची, मारहाण करून पुढची नावं काढायची. शेजारी आणि सहकारी निनावी पत्रांनी भर घालत होतेच. १९३४मध्ये या कलमाखाली ९४८ जणांना शिक्षा झाली होती, १९३८मध्ये ८,५६२ जणांना. सबंध नाझी काळात अटका सुमारे एक लाख, शिक्षा पन्नास हजारांच्या घरात. शिक्षा भोगून सुटलेल्यालाही तुरुंगाच्या दारातूनच छळछावणीत नेता येई. पाच ते पंधरा हजार पुरुष गुलाबी त्रिकोण (समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवरची खूण) लावून छावण्यांत गेले. झाक्सनहाउझेनच्या विटांच्या कारखान्यात १९४२च्या उन्हाळ्यात अशा दोनशेच्या आसपास कैद्यांना ठरवून मारलं.

१९४५ नंतर पश्चिम जर्मनीने १९३५चं कलम तसंच ठेवलं, १९६९पर्यंत. १९५०-५१च्या फ्रँकफर्ट खटल्यांत एका देहविक्रय करणाऱ्या मुलाच्या जबानीवरून पुन्हा तीच साखळी फिरवली गेली, आणि तिथला न्यायाधीश नाझी काळातही अशाच खटल्यांत काम केलेला होता. कलम पूर्ण गेलं १९९४मध्ये. नाझी काळातल्या शिक्षा रद्द व्हायला २००२ उजाडलं आणि युद्धानंतरच्या शिक्षांना २०१७.

काय वेगळं करता आलं असतं

संग्रह हलवणं अशक्य नव्हतं, हे त्याच वर्षी दिसलं. हँबर्गमधलं ज्यू बँकर घराण्याचं वारबुर्ग ग्रंथालय डिसेंबर १९३३मध्ये दोन छोट्या बोटींतून लंडनला गेलं, सुमारे साठ हजार पुस्तकं. पण तिथे निर्णय घेणारी माणसं जागेवर होती, अमेरिकेतल्या नातेवाइकांचा पैसा होता आणि कलेच्या इतिहासावरच्या पुस्तकांवर जमावाचा डोळा नव्हता. हिर्शफेल्डची संस्था पहिल्या फळीतलं लक्ष्य होती. तिला डिसेंबरपर्यंत सवड मिळणार नव्हती. हलवायचं तर १९३२मध्येच, तो परत यायचं नाही असं ठरवत होता तेव्हा. स्वतःचा जीव धोक्यात आहे हे ज्याला कळलं, त्याला कपाटांचाही धोका तेव्हाच कळायला हवा होता, असं म्हणणं कठोर आहे. तरी म्हणावं लागतं.

प्रश्नावलीचं तर तंत्र सोपं होतं: नाव-पत्ता एका वहीत, उत्तरं दुसरीकडे, जोडणारा आकडा तिसरीकडे, आणि वही देशाबाहेर. आज आरोग्याचं साधं सर्वेक्षण करणाऱ्या संस्थाही एवढं करतात. प्रश्नावल्या बचावल्या त्या एका कर्मचाऱ्याच्या प्रसंगावधानाने. त्याच्या जागी घाबरलेला कुणी असता तर?

पण खरी चूक मला संस्थेच्या भिंतींबाहेर दिसते. चळवळीचा सगळा जोर कलमावर होता. सह्या, अर्ज, शिष्टमंडळं, समितीतली मतं, सगळं त्याच एका आकड्याभोवती. पोलिसांकडची कार्डं फाडा, अशी मागणी कुणी रेटली नाही. ओळखीतले पोलीस चांगले होते, मग कार्डांची भीती कशाला? १९१९ ते १९३२ या काळात ती मागणी बर्लिनमध्ये मान्य होण्याची थोडी तरी शक्यता होती, कलम रद्द होण्यापेक्षा नक्कीच जास्त.

याद्यांचा धोका ज्यांनी नेमका ओळखला ते दहा वर्षांनी, दुसऱ्या देशात निघाले. जर्मनांच्या ताब्यातल्या ॲमस्टरडॅममध्ये २७ मार्च १९४३ला एका गटाने पोलिसांच्या वेषात जाऊन लोकसंख्या नोंदणी कार्यालयाला आग लावली, ज्यूंना शोधणाऱ्यांना ओळखपत्रं पडताळता येऊ नयेत म्हणून. गटाच्या म्होरक्यांपैकी एक, चित्रकार-लेखक विलेम आरोंडेउस, समलिंगी होता. आग विझवणाऱ्यांनीही मुद्दाम वेळ लावला आणि वाचलेल्या कार्डांवर भरपूर पाणी मारलं. तरी पुरती नष्ट झाली ती पंधरा टक्क्यांच्या आसपास. कुणीतरी चहाडी केली आणि जुलैच्या पहिल्या दिवशी आरोंडेउस आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घातल्या.